देवचाराच्या वाटेवरचा चुना

कोंकणी की मराठी या वादात आमचं डिचोलीकडचं डोंगराखालचं गाव तेव्हा दुभंगलं होतं. मी मराठी शाळेत शिकवायची. अनोळखी माणूस दिसला की हा कुठल्या बाजूचा, हेच आधी मनात यायचं.

एका रविवारी खांद्याला पिशवी अडकवलेला एक माणूस दारात आला. डोंगरावरच्या जुन्या चौकीची वाट त्याने विचारली. मी सांगितली. मग वही काढून म्हणाला, "तुमी घरांत खंयची भास उलयतात?"

घरात कुठली भाषा बोलतो, ते याला कशाला हवं? "घरातलं घरात," मी म्हटलं. त्याने हसून काहीतरी लिहून घेतलं. मला ते खुपलं.

आठवड्याने मी आणि माझी जाऊ डोंगराच्या राखणदार देवचाराला रोटाचा नैवेद्य ठेवायला वर गेलो. वाटेवरच्या दगडांवर, झाडांवर चुन्याचे ठिपके होते. जाऊ थबकली. "पलीकडचो डोंगर खाणीन खाल्लो, त्याच्या आदी अशेच ठिपके दिसलेले."

झऱ्यावर नारळाची सोडणं भिजवून आम्ही चौकीपर्यंतचा एकूण एक ठिपका घासून काढला.

पुढच्या रविवारी संध्याकाळी तोच माणूस कॉलेजच्या सात-आठ मुलींना घेऊन डोंगरावरून उतरला. एकीचा पाय मुरगळला होता. आमचंच घर पहिलं, म्हणून सगळी ओसरीवर टेकली. मी चहा आणि पाव दिले, मुलीच्या पायाला आंबेहळद लावली.

"ह्यांना चौकी दाखवायला आणलं होतं," तो म्हणाला. "वाट चुकू नये म्हणून खुणा केल्या होत्या. कुणीतरी पुसल्या. काजूच्या रानात तीन तास फिरलो."

जाऊ आत निघून गेली.

"मी पुसल्या," मी म्हटलं. "खाणीच्या वाटल्या."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "विचारायचं तरी."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत, काय लिहिता ते?"

त्याने वही माझ्या हातात दिली. झऱ्यांची नावं, झाडांची नावं, चौकीबद्दल म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी. कुठली कोंकणीत, कुठली मराठीत, ज्याने जशी सांगितली तशी. माझ्या घराच्या नोंदीत एवढंच होतं: 'बाई बोलायला तयार नाहीत.' मला शरम वाटली.

पुढल्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर जाऊन खुणा पुन्हा केल्या. चुन्याचा डबा मात्र त्याच्या हाती दिला नाही. तो दगड दाखवायचा, मी दोन्हीकडे बघून ही चौकीचीच वाट असल्याची खात्री करायची आणि मगच चुन्याचं बोट टेकवायची. त्याला ते कळत होतं. चौकीवर पोचल्यावर त्याने पिशवीतली पाण्याची बाटली आधी माझ्यापुढे धरली. मी चुन्याचा डबा त्याच्याजवळ ठेवत म्हटलं, "आधी तुम्ही प्या."