पडायला उभी राहणारी आर्डिस

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या चौतिसाव्या सिनेट मतदारसंघात लोकशाही अगदी सुरळीत चालायची, कारण तिला फारसं काम पडत नसे. आधी थोरल्या ब्रॉकहाउसने ती जागा अडवली, मग त्याच्या मुलाने, आणि मुलगा थकल्यावर नातू रोलंडने. दर चार वर्षांनी निवडणूक व्हायची, पण तिच्यामुळे कुणाच्या झोपेत खंड पडत नसे. मतपत्रिकेवर एकच नाव असायचं आणि लोक त्याच्यासमोरचा गोल इमानेइतबारे काळा करून यायचे. निवड करायची डोकेदुखीच नाही म्हटल्यावर तक्रार कोण करणार?

टॉर्पन हे गाव या मतदारसंघाच्या पार टोकाला, टॅमरॅक नदीच्या काठी. रोलंड ब्रॉकहाउसला ते नकाशावर दिसायचं, गाडीच्या काचेतून कधी दिसलं नव्हतं. फक्त एकदा, एक विक्षिप्त दातांचा डॉक्टर त्याच्या विरोधात उभा राहिला, तेव्हा सिनेटर टॉर्पनच्या चर्चमधल्या जेवणाला आला, दोनदा वाढून घेतलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात गावचा रस्ता डांबरी झाला. डॉक्टर सपाटून पडला आणि दवाखाना गुंडाळून दुसऱ्या राज्यात गेला. रस्ता मात्र राहिला.

यातलं गणित गावचा अध्यक्ष ऑरिन स्कार याच्या डोक्यात शिरलं ते एका मयताच्या जेवणात, चर्चच्या तळघरात.

"विरोधात कुणी उभं असलं ना, की सिनेटरला आपण दिसतो," तो कॉफीच्या कपाला म्हणाला. टॉर्पनमध्ये महत्त्वाचं काही बोलायचं तर माणसाकडे बघत नाहीत. "जिंकायची गरज नाही. नुसतं उभं राहायचं."

"पण उभं राहणार कोण?" लव्हॉन निगार्ड म्हणाली.

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. गाव मोठं विनयशील. पुढे पुढे करणं म्हणजे तिथे दारू पिऊन चर्चला जाण्यापेक्षा वाईट. तेवढ्यात आतून कॉफीचं मोठं पातेलं घासल्याचा आवाज आला. आत आर्डिस टॉलेफसन होती. शाळेत मुलांचा स्वयंपाक करणारी, सगळ्यांच्या ओळखीची, कुणाशी वाकडं नसलेली, आणि मुख्य म्हणजे नाही म्हणायला त्या खोलीत हजर नसलेली. ठराव एकमताने झाला. आर्डिस हात पुसत बाहेर आली तेव्हा ती उमेदवार झालेली होती.

"मी? अरे, मला यातलं काय कळतंय?"

"तेच तर हवंय," ऑरिन म्हणाला. त्याला हे कौतुकच वाटलं.

आर्डिसचं चुकलं ते इथेच. तिने ते मनावर घेतलं. गावाला हवं होतं गळाला लावायला गांडूळ, आणि गांडुळाने मात्र वर्तमानपत्रं वाचायला सुरुवात केली. लहान शाळा का बंद पडतात, दुधाचे भाव कोण ठरवतं, दवाखान्यातला प्रसूतीचा विभाग शहरात का हलवला, असं सगळं ती रात्रीची भांडी झाली की वाचायची आणि नवऱ्याला ऐकवायची. नवरा मर्ल गायींच्या मागे आयुष्य काढलेला, त्यामुळे ऐकून घ्यायची त्याला सवय होती. तिने एक भाषण लिहिलं. निवडून येऊ असं तिला कधीच वाटलं नाही, एवढी काही ती खुळी नव्हती. तिला एकच वाटायचं, आणि तेही तिने फक्त मर्लला सांगितलं.

"सगळा मतदारसंघ राहू दे रे. आपल्या गावात तरी मी पुढे असावं. मग बाकी ठिकाणी पडले तरी चालेल."

"हं," मर्ल म्हणाला. मर्लच्या हं मध्ये बरंच काही असायचं, पण ते बाहेर काढायची तसदी तो घेत नसे.

गणित तंतोतंत बरोबर आलं. विरोधक आहे म्हटल्यावर सिनेटर आला, शुक्रवारच्या गावजेवणात तळलेला मासा खाल्ला, म्हाताऱ्यांच्या पत्त्यांच्या डावात मुद्दाम हरला, आणि गावाला आगीचा नवा बंब मंजूर करून गेला. एवढं केल्यावर माणुसकी म्हणून काही असतं की नाही? कृतज्ञ टॉर्पनने त्याला भरभरून मतं दिली. गावाच्या सभागृहाच्या दारावर निकाल चिकटवला होता. मतदानाच्या दिवशी आर्डिसने सभागृहात सफरचंदाचं सारण भरून भाजलेले गोड 'पाय' नेऊन ठेवले होते. ते खाणारे पुष्कळ होते, मत देणारे अगदी मोजके. ज्या पोरांना तिने बारा बारा वर्षं जेवू घातलं ती आता मतदार होती, आणि खाल्ल्या मिठाला जागून सगळी ब्रॉकहाउसला मत देऊन आली.

"छान लढलीस हं!" लव्हॉन म्हणाली. "बंब बघितलास? केवढा लाल आहे!"

दुसऱ्या वेळी शाळेचं छप्पर झालं. तिसऱ्या वेळी दफनभूमीचं कुंपण. प्रत्येक वेळी ऑरिन तिच्या ओट्यावर येऊन टोपी काढायचा, हवेबद्दल बोलायचा, हरणांच्या शिकारीबद्दल बोलायचा, आणि जाता जाता म्हणायचा, "मग, यंदाही नाव देणार ना?" आर्डिस द्यायची. दर वेळी नवं भाषण लिहायची. दर वेळी दारावरचा कागद वाचायला जायची, आणि येताना गाडीत रेडिओ लावायची नाही. घरी आली की मर्ल काही न विचारता कॉफी ओतायचा.

सिनेटर तर तिच्यावर बेहद्द खूष. जत्रेत भेटला की लोकांदेखत तिचे दोन्ही हात धरायचा.

"आर्डिसबाई, तुमच्यासारखा विरोधक मिळायला भाग्य लागतं!"

"मग एकदा समोरासमोर वाद घालू या की, सिनेटर. दवाखान्यावर."

"नक्की! अगदी नक्की!" असं म्हणून तो जत्रेतली बक्षीस मिळालेली डुकरं बघायला जायचा. डुकरं प्रश्न विचारत नाहीत.

मग आला पूल. टॅमरॅकवरचा लोखंडी पूल इतका गंजला होता की आधी दुधाचे टँकर बंद झाले, मग शाळेची बस. चौथ्या निवडणुकीत सिनेटरने त्या पुलावर उभं राहून, म्हणजे पुलाच्या जरा अलीकडे उभं राहून, सांगितलं की पुलाचा अभ्यास सुरू होईल. टॉर्पनने त्या अभ्यासाला मतं दिली. अभ्यास झाला. पूल वाईट आहे असा त्याचा निष्कर्ष निघाला. आता पाचव्या निवडणुकीत पूल पदरात पाडून घ्यायचा, असा गावाचा बेत होता.

नेमके त्याच्याच आधी नवे नकाशे आले. दहा वर्षांनी शिरगणती झाली की मतदारसंघ नव्याने आखायचे, आणि ते आखायचे ज्यांना त्यातून निवडून यायचंय त्यांनीच, अशी तिथली सोयीची पद्धत आहे. कोंबड्यांच्या खुराड्याची दुरुस्ती कोल्ह्याकडे दिली की काम लवकर होतं. नव्या रेषेने दोन उपनगरं आत घेतली, एक कारखान्याची वस्ती बाहेर टाकली, आणि टॉर्पनपर्यंत येईस्तोवर बहुधा दमून ती काउंटीच्या रस्त्याच्या मधोमध चालू लागली. रस्त्याच्या दक्षिणेला लव्हॉनचं घर. ते चौतिसाव्यातच राहिलं. उत्तरेला आर्डिसचं. ते शेजारच्या मतदारसंघात गेलं. उत्तरेला तेवढं एकच घर होतं.

सिनेटरने स्वतः फोन केला. "मला मनापासून वाईट वाटलं, आर्डिसबाई. मी नकाशा आखणाऱ्यांना म्हटलं होतं, त्यांना राहू द्या, त्यांचा काही त्रास नाही."

या वाक्याने आर्डिसला जेवढं लागलं तेवढं चार पराभवांनी लागलं नव्हतं. फोन ठेवून ती गायींच्या रिकाम्या गोठ्यात जाऊन बराच वेळ उभी राहिली. गायी मर्लने आधीच विकल्या होत्या, नाहीतर त्यांना तरी सांगता आलं असतं.

गावावर मात्र आभाळ कोसळलं. ऑरिन, लव्हॉन आणि चर्चच्या मंडळातले दोघं, अशी वरात तिच्या स्वयंपाकघरात आली. हवेचं बोलून झालं. शिकारीचं बोलून झालं.

"तोडगा आहे," ऑरिन शेवटी कॉफीला म्हणाला. "लव्हॉनच्या अंगणात तिचा जुना ट्रेलर पडलाय, चाकांवरचं घर. तू तिथे राहायला जा. म्हणजे कायद्याने तू आत."

"आणि मर्ल?"

"मर्ल इथेच राहील. हाक मारली तर ऐकू येतं की!"

"ट्रेलरला शेगडी आहे," लव्हॉन म्हणाली. "उंदीर होते, ते मी काढलेत. जवळजवळ सगळे."

आर्डिसने सगळ्यांच्या कपात कॉफी ओतली. मग ती खाली बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने गावाला काहीतरी मागितलं.

"जाते मी ट्रेलरमध्ये. पण तुम्ही मला मत द्याल?"

मंडळातल्या एकाला खोकला आला. दुसऱ्याने त्याला साथ दिली.

"आता तो वेगळा विषय झाला," ऑरिन म्हणाला.

"वेगळा कसा?"

"अगं, तू समजून घे. तू खरंच निवडून आलीस तर पूल कोण देणार? तू नवखी, तुला तिथे कोण विचारतंय? पूल देणार ब्रॉकहाउस. तो हरला तर देणार कसा? आणि जिंकला तर मग आपण त्याला मत दिलेलं बरं नाही का दिसणार?"

बोलणं बिनतोड होतं. त्यात आर्डिसला जागा तेवढी नव्हती.

"मग ऑरिन, तूच उभा राहा ना," ती म्हणाली. "तू तर आतच राहतोस. पडायला काही शिक्षण लागत नाही, मी शिकवीन."

"मी?" ऑरिनने दोन्ही हात वर केले. "छे छे! लोक काय म्हणतील?"

आर्डिस ट्रेलरमध्ये गेली नाही. दुसरं कुणीही उभं राहिलं नाही. ब्रॉकहाउसच्या विरोधात कुणी नाही म्हटल्यावर टॉर्पन त्याला पुन्हा दिसेनासं झालं, आणि ऐन उन्हाळ्यात पुलाच्या दोन्ही टोकांना आडवे खांब लावून तो बंद झाला. पलीकडच्या शेतावर जायला आता सगळी टेकडी फिरून जावं लागायचं. ऑरिनचं अर्धं शेत पलीकडेच होतं, त्यामुळे लोकशाहीवर विचार करायला त्याला रोज गाडीत भरपूर वेळ मिळू लागला.

मतदान झालं. आर्डिस आणि मर्लने आपलं मत नव्या मतदारसंघात, पलीकडच्या गावी जाऊन टाकलं. रविवारी चर्च सुटल्यावर तीच वरात पुन्हा तिच्या स्वयंपाकघरात कॉफीला आली. या वेळी लव्हॉनच्या हातात खजुराच्या वड्यांचं ताट होतं आणि ऑरिनचा चेहरा नव्या बंबासारखा चमकत होता.

"तू विचारलं होतंस ना, मत द्याल का म्हणून?" तो चक्क तिच्याकडे बघून म्हणाला. "दिलं! सगळ्या गावाने दिलं!"

"म्हणजे? माझं नाव कुठे होतं?"

"हाताने लिहिलं!" लव्हॉन म्हणाली. "खाली रिकामी ओळ असते ना, तिथे. आम्ही ठरवून लिहिलं. सगळ्यांनी, आर्डिस. ब्रॉकहाउसला टॉर्पनमधून अगदी चार-पाच मतं. मोजायला मीच बसले होते. तू जिंकलीस बघ गावात!"

आर्डिस खुर्ची ओढून बसली. इतकी वर्षं जे हवं होतं ते हेच.

"दारावर लागलंय?" तिने विचारलं.

लव्हॉन जरा घुटमळली. "तुझं नाव असं नाही लागत. तू उमेदवार नव्हतीस ना, आणि मतदारसंघातही नाहीस. अशी मतं धरत नाहीत. त्यांना 'किरकोळ' म्हणून एकत्र टाकतात. पण किरकोळमध्ये तू एकटीच आहेस!"

"हे तुम्हाला आधी माहीत होतं? की ती मतं धरणार नाहीत?"

"हो, मीच सांगितलं सगळ्यांना," ऑरिन अभिमानाने म्हणाला. "म्हणजे कुणाला संकोच नको."

आर्डिस हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ते तिने पुसले नाहीत.

"चार वेळा माझं नाव छापलेलं होतं," ती म्हणाली. "नुसता गोल काळा करायचा होता. तो तुमच्याने झाला नाही. आणि आता मत पाण्यात जाणार हे पक्कं कळल्यावर तुम्ही आख्खं टॉलेफसन लिहून काढलंत. मला फार वाईट वाटलं, ऑरिन. दर वेळी वाटायचं. आज सगळ्यात जास्त वाटतंय."

टॉर्पनमध्ये असं कुणी बोलत नाही. मयतालाही नाही. सगळ्यांच्या माना कॉफीच्या कपात गेल्या. मर्ल उठला आणि बायकोच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"अगं, एवढं मनाला लावून घेत होतीस," लव्हॉन हळूच म्हणाली, "तर आधी सांगायचंस ना."

ताटात एक वडी उरली होती. शेवटची वडी त्या मुलखात कुणी उचलत नाही. कुणीतरी तिचा अर्धा तुकडा करतं, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा करतो, आणि शेवटी चुरा तेवढा ताटात राहतो, इतके सगळे सभ्य. आर्डिसने ती वडी आख्खी उचलली, कुणाला घेणार का असं विचारलं नाही, आणि सगळ्यांच्या देखत सावकाश चावून खाऊन टाकली.