खुष्कीच्या मार्गावरचं दुकान

सांगलीच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे. परीक्षेत एक प्रश्न दरवर्षी ठरलेला: युरोपीयांना नव्या सागरी मार्गांची गरज का भासली? कारणे लिहा. उत्तरही ठरलेलं. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला, मसाले मिळेनासे झाले, म्हणून दर्यावर्दी समुद्रावर निघाले. मुलं हे पाढ्यासारखं म्हणायची. कुणी ‘तुर्क’ लिहायला विसरलं की मी एक गुण कापायचे. त्या बाबतीत दयामाया नसे.

मग नवऱ्याला त्सुफेनहाउझेनच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही जर्मनीत आलो. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. तिथे मला कुणी काही विचारतच नसे. दुकानात ‘पिशवी हवी का?’ एवढाच प्रश्न. दिवसभर ‘बाई, बाई’ ऐकायची सवय असलेल्या माणसाचं त्यात काय होतं, ते मी नवऱ्याला कितीदा सांगितलं. तो मान डोलवायचा आणि कामावर जायचा. जवळच्या प्राथमिक शाळेत दुपारी मुलांना सांभाळायला, शिकवायला कुणीतरी हवं होतं. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, आधी जर्मनच्या वर्गाचं प्रमाणपत्र आणा. मला पुन्हा मुलांसमोर उभं राहायचं होतं, बाकी काही नको होतं. म्हणून मी सकाळच्या वर्गात नाव घातलं. शेवटची परीक्षा अशी की वर्गासमोर उभं राहून कुठल्याही विषयावर पाच मिनिटं जर्मनमधून बोलायचं.

“पोह्यांची रेसिपी सांग,” नवरा म्हणाला. “इझी आहे. व्हर्ब्स पण कमी लागतात.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं इतिहास शिकवून मी पोह्यांवर बोलायचं? मी सागरी मार्गांचा विषय घेतला. तोंडपाठ उत्तर, फक्त भाषा बदलायची.

वर्गात माझ्या शेजारी, शेवटच्या बाकावर, आमच्याच गल्लीतली किराणावाली बसायची. तुर्की बाई, माझ्यापेक्षा बरीच मोठी. सगळे तिला आब्ला म्हणत, म्हणजे ताई. कोथिंबीर, भेंडी, छोले, जिरं, सगळं मी तिच्याकडूनच न्यायचे. मी मॅट्रिक झाले त्याच्या आधीपासून ती जर्मनीत होती, पण तिचं दुकान तुर्की गिऱ्हाइकांवर चालायचं, जर्मनची गरजच पडली नव्हती. मग कोपऱ्यावर मोठं सुपरमार्केट उघडलं आणि तिची गिऱ्हाइकं तिकडे वळली. आता जर्मन गिऱ्हाइकाशी बोलता यायला हवं म्हणून ती वर्गात आली होती. पण वर्ग घेणाऱ्या जर्मन बाईंनी काही विचारलं की ही वहीत डोकं घालायची. सबंध सत्रात तिने एकदाही तोंड उघडलं नव्हतं, परीक्षेलाही नाव दिलं नव्हतं. माझ्याशी मात्र मोडक्या जर्मनमध्ये भरपूर बोलायची.

दुपारी दुकानात गर्दी नसे. मी गल्ल्यासमोर उभी राहून भाषणाची तालीम करायचे, ती स्टुलावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची. एके दिवशी मी त्या वाक्यापर्यंत आले: तुर्कांनी रस्ता बंद केला.

तिचे हात थांबले. “आम्ही?”

“म्हणजे तेव्हाचे तुर्क.”

“पेपर उघडला की आम्ही. पोराच्या शाळेत काही झालं की आम्ही. आता पाचशे वर्षांपूर्वीचंही आम्हीच?”

ती चिडली नव्हती, ते जास्त लागलं. माझी जुडी तिने पिशवीत घातली. रोज वर दोन मिरच्या टाकायची, त्या दिवशी टाकल्या नाहीत.

घरी येईपर्यंत मला वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता. कुणाला वाईट वाटतं म्हणून इतिहास बदलायचा की काय? पुस्तकात तसंच छापलंय. पण स्वयंपाक करता करता डोकं चालू झालं. बाजाराचं शहर हाती आल्यावर कुणी बाजार बंद करेल? तो जकात घेईल. शिवाय व्हेनिसचे व्यापारी त्यानंतरही मिरी विकतच होते, हेही मीच शिकवायचे. मग रस्ता बंद कसा? मलबारातून निघालेली मिरी अरबांच्या गलबतावर, मग उंटावर, मग बंदरात, मग व्हेनिसच्या वखारीत. जो तो आपला वाटा काढून पुढे पाठवणार. पार पश्चिमेच्या टोकाला बसलेल्या पोर्तुगीजांच्या हाती ती सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात महाग पडणार. त्यांना मधली माणसं नको झाली होती. सोनं हवं होतं, धर्म पसरवायचा होता, ते आहेच. आणि ‘तुर्क’ लिहिलं नाही म्हणून मी गुण कापत होते!

मी नवऱ्याला म्हटलं, भाषण बदलते.

“अगं, परवा परीक्षा आहे. डिझाईन फ्रीज झाल्यावर कुणी चेंज करतं का?”

“अहो, चुकीचं डिझाईन फ्रीज करून काय करू? लोणचं घालू?”

परीक्षेच्या दिवशी मी पुढे गेले तेव्हा पाठ केलेलं काही उरलंच नव्हतं. पिशवीत आब्लाच्याच दुकानातल्या मिरीची पुडी होती. ती मी पहिल्या बाकावर दिली आणि सांगितलं, आपला वाटा घ्या आणि पुढे द्या. पुडी बाकाबाकावरून फिरत गेली. माझे ‘डेअर-डी-दास’ आर्टिकल सगळे चुकत होते, बाईंचं पेन भराभर चाललं होतं, पण वर्ग पुडीकडे बघत होता. शेवटच्या बाकावर आब्ला एकटी होती. तिच्यापर्यंत जेमतेम चार-दोन दाणे पोहोचले.

“ही पोर्तुगाल,” मी म्हटलं. सगळे हसले. आब्लाही हसली, आणि माझ्या जिवात जीव आला.

“तर मग,” बाई म्हणाल्या, “आर्टिकल फार कच्चे आहेत. पण पास.” आणि पद्धत म्हणून त्यांनी वर्गाला विचारलं, “कुणाला काही प्रश्न?”

असं विचारलं की जगातला कुठलाही वर्ग गप्प बसतो. मी खडू खाली ठेवला. तेवढ्यात शेवटच्या बाकावर हात वर झाला. आब्लाचा. बाईही बघत राहिल्या.

ती उभी राहिली. एकेक शब्द जुळवत म्हणाली, “लोक नव्या रस्त्याने गेले. मग जुन्या रस्त्यावरची दुकानं? त्यांचं काय झालं?”

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मला उत्तर येत नव्हतं. पण कुणीतरी मला प्रश्न विचारला होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू! उत्तर आलं नाही की सांगलीत जे म्हणायचे तेच मी जर्मनमध्ये म्हणाले, “छान प्रश्न आहे. उद्या सांगते.”

“पण आज शेवटचा वर्ग आहे,” बाई म्हणाल्या.

आब्लाने मिरीचे दाणे रुमालात बांधले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “उद्या ये. दुकान उघडं आहे.”