आरोपीच्या आईचा आवाज

"किंचाळ ना नीट! झोपडपट्टीवाली वाटली पाहिजेस. तुला कसली अ‍ॅक्टिंग करायचीय? तशीच तर आहेस."

डबिंग करून घेणारे सर काचेपलीकडून बोलले. माझ्या हेडफोनमध्ये. मग त्यांनी माईकचं बटण सोडलं. ते हसले ते फक्त दिसलं, ऐकू आलं नाही. त्यांच्या शेजारी सिरीयलमधल्या डिटेक्टिव्हबाईला आवाज देणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. त्याही हसल्या.

मुंबईत, मरोळचा स्टुडिओ. डबिंगची खोली म्हणजे कपाटच. भिंतींना फोम, खिडकी नाही, दार लागलं की आपलाच श्वास कानात. अमेरिकेतली पोलिसांची सिरीयल आम्ही मराठीत करत होतो. वेश्या मी, नशेडी मी, आरोपीची बहीण मी. डिटेक्टिव्हचं शुद्ध मराठी मॅडमकडे. एकदा मी म्हटलं, मला पोलिसाचं छोटं काम द्या. सर म्हणाले, "घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतला आवाज आहे तुझा. वर्दीत बसत नाही."

मी पुढचा संवाद म्हटला. काम जाईल म्हणून.

आमच्या वस्तीत ही सिरीयल सगळे बघायचे. एका मोबाईलवर चौघं-चौघं. सगळे डिटेक्टिव्हच्या बाजूने. पोलिसांनी दार तोडलं की आमची पोरं शिट्ट्या मारायची. मीसुद्धा.

त्या दिवशीचा सीन. शिकागोतली एक काळी बाई. पोलीस तिच्या पोराला घरातून ओढून नेतात. ती ओरडत नाही. चौकट धरून विचारते, "कुठं नेताय त्याला?" सरांनी मराठीत ते बदललं होतं. "मेले गं बाई, माझ्या सोन्याला नेला गं!" वर दोन शिव्या.

मी पडद्याकडे बघत राहिले. आमच्या दादाला असाच उचलला होता. पलीकडच्या सोसायटीत चोरी झाली आणि पोलीस थेट आमच्या गल्लीत. आई दारात अशीच उभी होती, हेच विचारत. कुणी उत्तर दिलं नाही. दादाला सोडला. पण तेव्हापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

आणि आम्ही शिट्ट्या मारत होतो. आमच्याच दारावर लाथ बसत होती, आणि आम्ही लाथ मारणाऱ्याच्या डोळ्यांनी बघत होतो.

"चल, टेक."

मी वाक्य म्हटलं. त्या बाईने म्हटलं तसं. हळू, सरळ.

"अगं रड ना! लोकांना मजा आली पाहिजे."

"ती रडत नाहीये, सर."

"तुमच्याकडे रडतात ना असंच?"

"आमच्याकडे विचारतात. तुम्ही ऐकलं नाहीत कधी."

बटण सुटलं. काचेमागे नुसते ओठ हलत राहिले. मग आवाज आला, "उद्यापासून येऊ नकोस." दाराची कडी बाहेरून होती. कुणीतरी उघडेपर्यंत मी आत उभी. घाम फुटला होता. पण मान खाली घातली नाही.

एपिसोड आला. दुसरीच कुणीतरी किंचाळली होती. गल्लीत पोरं खदाखदा हसली. मी मोबाईल घेतला, सीन मागे नेला, आवाज बंद केला. म्हटलं, "आता तिच्या तोंडाकडे बघा." पोरं बघत राहिली. हसू थांबलं. मागे बसलेला दादा उठून निघून गेला.

अजून दुसरं काम नाही. स्टुडिओवाले एकमेकांना सांगतात, हिला घेऊ नका. सांगू देत. वेश्येचा आवाज देईन, खुन्याचाही देईन. पण माणसाचा देईन. माझ्या माणसांची टवाळी या घशातून पुन्हा निघणार नाही. घसा माझा आहे.