ओट्यावरची दोन बोटं फट

भूतखेत, भानामती, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं, तर बाकीच्या बायका हळदकुंकू घेऊन धावायच्या आणि मी आधी तिच्या घरात जाऊन दूध उतू जात नाही ना ते बघायची. मी अशी खट बाई. तेव्हा पुढचं वाचून ‘म्हातारी भाबडी दिसतेय’ असं कुणी म्हणू नये.

परवा नातीच्या नव्या फ्लॅटमध्ये किचनवाला आला होता. ओटा आणि भिंत यांच्यात जेमतेम सुई जाईल एवढी फट... तीही त्याने पिचकारीने कसलासा पांढरा मलम भरून बुजवली. फ्रिजशेजारी उरलेल्या जागेत पट्टी ठोकली. नात खूश. ‘आजी, आता झुरळसुद्धा जाणार नाही!’ मी म्हटलं, ‘आमच्या ओट्यावरची फट आम्ही मुद्दाम उघडी ठेवली होती.’ झालं, तेव्हापासून ती लिही म्हणून मागे लागलीय. टाइप तीच करतेय, शुद्धलेखनाच्या चुका तिच्या.

गोष्ट माझ्या सासरची, सावद्याची, साल १९५७. माझं माहेर साक्रीचं, म्हणजे बोली अहिराणी. मी ‘सगळं’ऐवजी ‘बठ्ठं’ म्हटलं की सावद्याच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. फक्त माझी मोठी जाऊ हसायची नाही. तिला सगळे अक्का म्हणत. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मला भाकरी पातळ थापायला तिनेच शिकवलं.

आमच्या सासऱ्यांनी, आबांनी, जळगावला एका वकिलांच्या घरी उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा पाहिला होता. आल्या आल्या त्यांनी तसाच बांधून घेतला. नऊ फुटांची अखंड शहाबादी फरशी! गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या. त्या ओट्यापाशी अक्का आणि मी शेजारी उभ्या राहून रांधायचो.

मग मला मुलगा झाला. बारशाला अक्का बाळाला पाळण्यात घालायला पुढे झाली, तर माझ्या मावशीने सगळ्यांदेखत तिचा हात धरला. ‘राहू द्या, लेकुरवाळी घालेल.’ अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली... आणि गप्प बसले. लोकांच्या भीतीने बसले, पण बसले हे खरं. अक्का आत गेली, ती पुन्हा माझ्याशी बोललीच नाही. महिन्याभरात दोन भाऊ वेगळे झाले आणि स्वयंपाकघरात मधोमध भिंत घालायचं ठरलं.

आबा एवढंच म्हणाले, ‘भिंत घाला, पन मही फरशी तोडू नका.’ म्हणून गवंड्याने ओट्याच्या मध्यावर, फरशीवरच विटा रचल्या. फरशीला मागे किंचित उतार होता, विटा सरळ. त्यामुळे मागच्या कोपऱ्यात, भिंतीच्या तळाशी दोन बोटं फट राहिली. गवंड्याने ती चुन्याने भरली. आठवड्याने सकाळी बघते तर तो चुन्याचा तुकडा माझ्या बाजूला पडलेला... अख्खा, कोपरासुद्धा न तुटता. मला वाटलं, अक्कानेच पलीकडून ढकलला. पुन्हा भरला. या वेळी तो तिच्या बाजूला पडला आणि तिला वाटलं, मी ढकलला. तिसऱ्यांदा सिमेंट आणलं. तेही निघालं. गवंडी तो तुकडा हातात फिरवत म्हणाला, ‘वाळलेला माल असा निघत नाही बाई. छिन्नीनं फोडला तरच निघतो.’ त्याने पुन्हा यायचं नाव घेतलं नाही.

मुलगा पाच महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. भरदुपारी बारा-साडेबाराची वेळ. स्वयंपाकघरात आढ्याला त्याची झोळी टांगलेली. कोळशाची शेगडी पेटवून, धूर जावा म्हणून मी ती दाराशी खाली ठेवली होती, आणि झोळीकडे पाठ करून ओट्यावर पीठ मळत होते. पलीकडून भांड्यांचा आवाज नव्हता. बरं वाटत होतं मला.

आणि फटीतून आवाज आला. ‘कमल! झोयी पाह्य व, झोयी!’

अक्काचा आवाज. अगदी स्पष्ट. मी वळले. वाऱ्याने झोळीचं लोंबतं टोक शेगडीवर गेलं होतं आणि जाळ वितभर वर चढला होता. मी बाळाला ओढून घेतलं, झोळी हातांनीच विझवली. तळवे पोळले. बाळाला काही झालं नाही... डाव्या पावलावर थोडी काजळी, बस.

तशीच रडत, हाका मारत, त्याला काखोटीला मारून मी बाहेरून वळसा घालून अक्काच्या दारात गेले. दाराला कुलूप. ओसरीवरून आबा म्हणाले, ‘कोनाले हाका मारतं व? ती तं परवाच पहूरले गेली, भावाकडे.’ मोठे दीरही बागेत केळीचे घड उतरवायला गेलेले. घरात कुणीच नव्हतं.

चौथ्या दिवशी अक्का आली. मी बाळाला घेऊन गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. मग म्हटलं, ‘बारशाला मी गप्प बसले, ते माझं चुकलं अक्का. फार चुकलं.’ तिने बाळाला माझ्याकडून घेतलं आणि त्याचं पाऊल उलटसुलट करून पाहिलं. मग खाली बसली.

‘मले वाटलं, मलेच येड लागलं,’ ती म्हणाली. ‘राखीले तू साक्रीले गेल्ती ना, तव्हा मी स्टोव्हले पंप मारत होती. फटीतून आवाज आला, अक्का, मांगे सरक वं! मी सरकली आन् स्टोव्ह भडकला. छताले काय डाग पडला बघ. असं अहिरानी आपल्या गल्लीत तूच बोलतं.’

मी वर पाहिलं. छतावर परातीएवढा काळा डाग होता.

‘मग सांगितलं का नाही?’

‘कोन्या तोंडानं सांगू? तू बोलत होती का मह्यासंगं?’

मग मी विचारलं, ‘चुना तू काढायचीस?’ ती म्हणाली, ‘नाही व. मी तं तुलेच शिव्या घालत होती.’ मीही काढला नव्हता.

त्या दिवसापासून अबोला सुटला. भिंत राहिली, पण फट कुणी भरली नाही. त्यातून आम्ही कितीतरी बोललो, मिरच्यासुद्धा सरकवल्या. झोळीतला तो मुलगा पुढे इंजिनिअर झाला. त्याचं म्हणणं, मनातली अपराधी भावना आवाज होऊन ऐकू येते. असेल. पण मग अक्काला माझा आवाज का यावा? ती कशाची अपराधी होती?

पुढे एकदा वरणासोबतच्या बट्ट्या तळताना मी फटीतून विचारलं, ‘अक्का, खरं सांग. तू त्या दिवशी घरात असतीस, तर हाक मारली असतीस?’

पलीकडे तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

‘मले ऐकूच आलं नसतं,’ ती म्हणाली. ‘तुह्या लेकराचं रडनं कानावर येऊ नये म्हनून मी दिवसभर भांडे आपटत होती.’

मीसुद्धा तेच करत होते. तिची चाहूल कानावर येऊ नये म्हणून मी खलबत्ता काढून कुटत बसायची.

तो आवाज कुणाचा, कुठून आला, मला माहीत नाही. अक्का गेली तोवर तिलाही कळलं नव्हतं. पण एक गोष्ट आम्हा दोघींनाही कळून चुकली होती... अक्का त्या दिवशी घरात भांडी आपटत असती, तर माझा मुलगा वाचला नसता.