बिनभाताचा डबा

विश्रांतवाडीहून स्वारगेटला जाणाऱ्या बसमध्ये ती बहुतेक रोज माझ्या शेजारी असायची. दिवस भरत आलेले दिसत होते. बसायला मिळालं की ती डबा उघडायची. त्यात मोड आलेले मूग, काकडी, कधी उकडलेलं अंडं. एकेक घास इतका सावकाश चावायची की माझाच जीव कासावीस व्हायचा.

एका चतुर्थीला मी साबुदाण्याची खिचडी पुढे केली. "घे गं, दोन जिवांची आहेस."

तिने हात मागे घेतला. "नको काकू, शुगर वाढलीय. भात, बटाटा, साबुदाणा, सगळं कमी केलंय. सासूबाई म्हणतात, बाळाला उपाशी ठेवतेस." मग पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "पहिलं पोटातच गेलं. आता खाल्लं तरी भीती वाटते, नाही खाल्लं तरी वाटते."

मी खिचडीच्या डब्याला झाकण लावलं.

नंतर ती दिसेनाशी झाली. शेजारी दुसरं कुणी येऊन बसलं तरी मी प्रत्येक स्टॉपला दाराकडे बघायचे.

उन्हाळ्यात ती स्टॉपवर भेटली. कुशीतलं बाळ टाहो फोडत होतं, लोक वळून बघत होते.

"अगं, शांत कर त्याला," मी म्हटलं.

"रडू दे काकू," ती म्हणाली, "जरा ऐकू दे मला."