त्या दिवशी पाणी घातलं नव्हतं

मनोहर गेला त्या सकाळी मी त्याच्यावर चिडलेला होतो. टेबलावर मोताळ्याकडची एक बाई मोडलेलं मनगट छातीशी धरून पडली होती, नऊची वेळ ठरली होती आणि साडेनऊ वाजून गेले तरी याचा पत्ता नव्हता. फोन वाजला. माझे हात धुऊन झालेले, म्हणून सिस्टरनं तो माझ्या कानाशी धरला. पलीकडे कोण आहे हे न ऐकताच मी म्हणालो, "काय रे, आज विहीर खणून पाणी आणतोयस की काय?" पलीकडे मनोहरचा मेहुणा होता. तो म्हणाला, "साहेब, दाजी गेले. चहा घेतला अन् खुर्चीतच मान टाकली..." तीस वर्षांच्या मित्राच्या मरणाच्या बातमीला माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे असं होतं.

त्याला आता पाच आठवडे झाले. मनोहर भूलतज्ज्ञ होता आणि मी हाडांचा डॉक्टर. तो वडनेर भोलजीचा, शेतकऱ्याच्या घरातला. नागपूरला शिकून आला तरी बोलणं गावचंच राहिलं, आणि त्याची त्याला कधी लाज वाटली नाही. बुलडाण्यात मी दवाखाना काढला तेव्हा पहिल्याच हाताच्या ऑपरेशनला तो सुई घेऊन उभा होता. अंगानं किरकोळ, चालणं सावकाश, खिशात नेहमी फुटाणे. हाताच्या ऑपरेशनला पूर्ण बेशुद्ध करायची गरज नसते. खांद्यापाशी किंवा बगलेत नसांभोवती औषध सोडलं की तेवढा हात बधिर होतो. हे काम मनोहरइतक्या हळुवारपणे करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सुई टोचताना तो पेशंटला त्याच्या शेतात काय पेरलंय ते विचारायचा आणि उत्तर खरंच ऐकायचा.

आमचं भांडण असायचं ते औषधाच्या ताकदीवरून. ते औषध कुपीत अर्ध्या टक्क्याचं येतं. तसंच सोडलं तर हात साफ मेल्यासारखा होतो. दुखत नाही, हलत नाही, आणि कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच राहतो. त्यात सलाईनचं पाणी मिसळून ताकद उतरवली तर दुखणं थांबतं, पण बोटं थोडी हलत राहतात आणि संध्याकाळपर्यंत माणसाला आपला हात परत मिळतो. किती उतरवायची हे मनोहर माणूस बघून ठरवी. सुकलेली म्हातारी असली तर जास्त पाणी, नांगर धरलेला दंड असला तर कमी. अडचण एवढीच की पातळ औषधाला चढायला वेळ लागे. मी हातमोजे घालून पाऊण तास ताटकळायचो आणि चाकू लावायच्या वेळी पेशंटचं बोट हललं की माझं डोकं फिरायचं. मनोहर म्हणायचा, "घाई काऊन करून राह्यला बे? हाड काही पळून जात नाही." ऑपरेशन झालं की तो पेशंटपुढे आपलं तर्जनीचं बोट धरायचा आणि म्हणायचा, "दाब बरं." बोट दाबलं गेलं की त्याचं त्या दिवसाचं काम संपलं.

मी त्याला 'पाणीवाला' म्हणू लागलो. गवळी दुधात घालतो, हा औषधात घालतो, असं मी सगळ्यांसमोर म्हणायचो, आणि सिस्टर, वॉर्डबॉय, मेडिकलवाले सगळे हसायचे. मनोहरही हसायचा. पण थट्टा दवाखान्याबाहेर पडली की ती थट्टा राहत नाही. चहाच्या टपरीवर ती पोचली तेव्हा लोकांनी तिचा सरळ अर्थ घेतला... हा डॉक्टर औषधात पाणी मारून पैसे वाचवतो. माझ्या कानावर ते आलं होतं. मी कानाडोळा केला.

आता युनूसभाईंबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण हा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला आहे. युनूसभाई रोहिणखेडचे, विहिरीवरच्या मोटारी वाइंडिंग करून देणारे. जळालेली मोटार उघडून तांब्याची केसासारखी तार फेऱ्या मोजत भरायची, हे त्यांचं काम. चौदा वर्षांपूर्वी ते मोटारसायकलवरून पडले आणि उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशन धरलं. त्याच दिवशी संध्याकाळी खामगावला माझा सत्कार होता. शाल, नारळ, भाषण. मी मनोहरला म्हणालो, "आज पाणी घालू नको. फुल ताकदीचं दे. मला पाचला निघायचंय."

त्यानं युनूसभाईंचा हात दाबून पाहिला. मला बाजूला घेतलं. "सुधाकर, हा हात सुजीन. प्लास्टरात सुजला त् याले कळलं पाह्यजे. दुखणं आपला चौकीदार हाये, त्याले झोपवू नको."

मी म्हणालो, "हाडांचं मला कळतं. तू तुझी सुई बघ."

त्यानं सिरिंज उचलली. कुपी फोडली आणि होतं तसं औषध भरलं. तीस वर्षांत मी पाहिलेला हा एकच दिवस, जेव्हा मनोहरच्या सिरिंजमध्ये पाण्याचा थेंबही नव्हता.

ऑपरेशन झकास झालं. मी घट्ट पट्टी बांधली, प्लास्टर घातलं आणि पाचच्या आत गाडीत बसलो. खामगावला हार गळ्यात असताना मनोहरचा फोन आला. हात अजून लाकडासारखाच आहे, बोटं फुगल्यासारखी वाटतात, पट्टी सैल करू का? मी म्हणालो, "माझ्या पट्टीला हात लावायचा नाही. सकाळी बघतो." सकाळी मी अकराला उगवलो. युनूसभाई खुशीत होते. "काहीच दुखत नाही, साहेब, कमाल केली तुमी." बोटं निळसर आणि गार पडली होती. प्लास्टर कापलं, कातडी आणि आतलं आवरण चिरून कोंडलेल्या स्नायूंना जागा करून दिली. हात वाचला. पण अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकेनात. तार धरायची चिमूटच गेली.

नातेवाईक दाराशी उभे होते. मी म्हणालो, "भुलीच्या औषधानं काहीतरी गडबड झाली असावी." हे एकच वाक्य. मनोहर माझ्या मागे उभा होता. बाकीचं काम मीच ठेवलेल्या नावानं केलं. पाणीवाल्या डॉक्टरनं गरिबाचा हात घालवला, हे आठवडी बाजारापर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. खापर त्याच्या डोक्यावर फुटलं, आणि ते फोडणारा मी होतो. दोन दवाखान्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. मग तो एसटीनं नांदुऱ्याला, मलकापूरला जाऊ लागला. मी मात्र त्याला बोलावत राहिलो आणि मनातल्या मनात स्वतःला मोठा दिलदार समजत राहिलो! एकदाच मी चाचरत विषय काढला. तो म्हणाला, "सिरिंज माह्या हातात होती. मी नाही म्हणायले पाह्यजे होतं." पुढे कधीतरी फुटाणे सोलताना तो मधूनच म्हणायचा, "युनूसची चिमूट अजून आली नाही रे." त्याला ते कसं माहीत, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

शोकसभेत मी बोललो. वाटलं होतं, आज सांगून टाकू. पण माईक हातात आला आणि मी नेहमीसारखा रंगात आलो. पाणीवाल्याचा किस्सा सांगितला, लोक हसले. मनोहरच्या पत्नी शोभावहिनी पुढच्या रांगेत बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. निघताना त्यांनी विचारलं, "भाऊजी, ते पाण्याचं नाव यांना कोणी ठेवलं हो?" मी म्हणालो, "लोकांनीच." साठी उलटलेला, पांढऱ्या केसांचा माणूस मी, आणि मेलेल्या मित्राच्या बायकोशी तोंडावर खोटं बोललो. घरी येऊन जेवण गेलं नाही.

गेल्या रविवारी मी रोहिणखेडला गेलो. युनूसभाई दुकानात डाव्या हातानं तार भरत होते. उजवा हात तारेचं रीळ नुसता टेकवून धरत होता. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. सत्कार, फुल ताकद, फोन, पट्टी, आणि दाराशी बोललेलं ते वाक्य. मध्ये त्यांनी तार खाली ठेवली.

"मंग त्याईनं पाणी घातलंच नोव्हतं?"

"नाही. घातलं असतं तर तुमची चिमूट गेली नसती."

"साहेब, ते यायचे इथं," युनूसभाई म्हणाले. "दोन-तीन महिन्यातून एक डाव. बसायचे, फुटाणे द्यायचे. मंग बोट पुढं करायचे. म्हणायचे, दाब बरं, युनूस. मले वाटे, आपलं पाप पाहाले येते हा माणूस. मी मुद्दाम दाबत नोव्हतो. हात तसाच ढिल्ला ठेवायचो. ते खाली मान घालून निंघून जायचे."

मला नीट कळलं नाही. मी नकळत माझं बोट पुढं केलं. मनोहर करायचा तसंच. युनूसभाईंनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग उजवा हात उचलला, अंगठा आणि तर्जनी माझ्या बोटाच्या दोन बाजूंना लावली आणि दाबलं. माझं नख पांढरं पडेपर्यंत दाबलं. दुखलं मला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाच-सहा सालं झाले. तार भराले तवर डावाच हात सवयीचा झाला होता," ते म्हणाले. बोट त्यांनी सोडलं नव्हतं. "घरच्याईले माहीत हाये. डॉक्टरसाहेबाले तेवढं दाखवलं नाही."