खडूची फुली

दिवाळीच्या सफाईत आमच्या सिंदी मेघे गावातल्या घरी आईचं राज्य असतं. हातात खडू घेऊन ती खोलीखोलीतून फिरते आणि जे घराबाहेर जायला हवं त्यावर फुली मारते. भंगारवाला फुली पाहतो आणि उचलतो. बाबा एसटी डेपोतले निवृत्त मेकॅनिक. त्यांच्या मते जगात भंगार असं काही नसतंच, सगळंच कधी ना कधी 'कामी पडते'.

मी नागपूरला यीस्टच्या एका जनुकावर संशोधन करते. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारं खमीर. त्याच्या पेशीतली प्रथिनं बिघडली की या जनुकामुळे त्यांच्यावर खूण लागते, आणि खूण पाहून पेशी त्यांचा भुगा करते. हे जनुक काढून टाकलेलं यीस्ट मी तयार केलं होतं. त्यात कचरा साचतो आणि बिचारं रडतखडत वाढतं. आईला हे समजावलं, तर म्हणाली, "म्हंजे माह्यावरच अभ्यास करून राह्यली तू. मंग नागपूरले कायले गेली?"

त्या दिवाळीत लॅबचा फ्रीज बंद पडला. जिवापाड जपलेलं ते यीस्ट मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून घरी आणलं आणि फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवलं. ते गेलं असतं तर पीएचडी पुन्हा पहिल्यापासून. आईला सांगायचं तेवढं राहिलं.

सकाळी उठले तर फ्रीज लख्ख आणि डबा गायब.

"आंबूस वास येऊन राह्यला होता," आई म्हणाली. "फुली मारली न ठेवला अंगणात."

भंगारवाला तर येऊन गेला होता. मी अनवाणीच धावले, कोपऱ्यावर त्याची हातगाडी गाठली आणि सगळा माल उपसला. डबा नव्हता. तो वैतागला. "निशानवालाच माल उचलतो ना मी, बाई! तुमच्या डब्यावर निशानच नव्हतं. तिथंच असंन पडला."

डबा खरंच अंगणात, सावलीत होता. झाकणावर फुली नव्हती, नुसता पांढरा फराटा होता. बाबांच्या बोटांनाही खडू लागलेला. आईच्या मागोमाग फिरून ते गुपचूप फुल्या पुसत होते. पेशीतही अशी खुणा पुसणारी मंडळी असते. मी त्यांना आजवर काडीची किंमत दिली नव्हती. मला रडूच आलं. मी वाकून नमस्कार केला. "बाबा, तुमच्यामुळं माह्यं यीस्ट वाचलं."

"कोणतं यीस्ट वं?" बाबा डबा निरखत म्हणाले. "पत्रा चांगला दिसला, म्हून पुसली फुली. आतलं सडकं फेकून दे न डबा मले दे."